टेललाइटला घाम का फुटतो

पावसाळा लागला की गॅरेजवाल्यांकडे एक तक्रार हमखास येते. गिऱ्हाईक गाडीच्या मागे उकिडवं बसतं, टेललाइटवर बोट टेकवतं आणि म्हणतं, "हे बघा, आत पाणी शिरलंय." मेकॅनिक हातातलं काम न सोडता विचारतो, "वाफ धरलीय का पाणी साचलंय?" गिऱ्हाइकाला हा शब्दांचा कीस वाटतो. प्रश्न मात्र मुद्द्याचा आहे, आणि तो मोटारीइतकाच जुना आहे. दिवा उघडा ठेवावा तर भिजतो. बंद करावा तर आत कोंडलेली हवाच काचेवर उतरते. गेली सव्वाशे वर्षं दिवे बनवणारे या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालतायत.

मोटारीचे पहिले दिवे घोडागाडीवरून उचललेले होते. मागे बहुधा एकच, रॉकेलचा, लाल काचेचा. आज हेला या नावाने माहीत असलेली जर्मन कंपनी १८९९ मध्ये लिपश्टाट गावात सुरू झाली, तीही बग्ग्या-सायकलींचे दिवे आणि भोंगे बनवायला. पुढे कार्बाइडचे दिवे आले. डब्यातल्या कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, ॲसिटिलीन गॅस सुटायचा आणि पुढच्या दिव्यात पांढराशुभ्र जळायचा. मागे बराच काळ रॉकेलच राहिलं. आता गंमत अशी की ज्योत जळताना स्वतःच पाणी तयार करते. एक लिटर रॉकेल पुरतं जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत जातं. पटकन विश्वास बसत नाही, पण रॉकेलमधल्या हायड्रोजनचा हिशेब तसाच लागतो. ज्यांनी थंडीत कंदील लावलाय त्यांना आठवत असेल: काच बसवल्या बसवल्या क्षणभर धूसर व्हायची आणि तापली की आपोआप निवळायची. त्या काळच्या दिव्यांना वर धुराडं आणि खाली हवेची भोकं असायचीच. तिथे ओल अडकून बसायला जागाच नव्हती. पाऊस आत गेला तर दिवा विझायचा, एवढंच.

वीज आली आणि हवेची गरज संपली. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवरचा स्टार्टर आणि विजेचे दिवे गाडीतच बसवून दिले. इतरांनी हळूहळू तोच रस्ता धरला. तार आता स्वतःच्या काचेच्या फुग्यात जळत होती. धुराडं गेलं, भोकं बुजली, दिवा डबाबंद झाला. पण तो डबा म्हणजे पत्र्याची वाटी, समोर काच आणि मध्ये कसलीतरी चकती. धूळ आणि दमट हवा तिच्यातून आरामात जायची. पुढच्या दिव्यात त्याचा परिणाम लगेच दिसायचा, कारण आतल्या परावर्तकावर चांदीचा मुलामा असायचा आणि तो काळवंडायचा. यावर अमेरिकनांनी जो उपाय काढला तो जालीम होता. १९४० च्या मॉडेलांपासून तिथे सात इंची सील्ड बीम आला: काच, परावर्तक आणि तार मिळून एकच बंद दिवा. आत बाहेरची हवाच नाही, मग ओल कुठली? उडाला की अख्खा फेकायचा आणि दुसरा लावायचा. १९८३ पर्यंत अमेरिकेत पुढच्या दिव्यांसाठी हाच कायदा होता.

मागच्या दिव्याच्या वाट्याला हे भाग्य कधी आलं नाही. तो स्वस्त असायला हवा, बल्ब हाताने बदलता यायला हवा. आणि खरं सांगायचं तर चालवणाऱ्याला तो दिसतच नाही. त्याच्याकडे कोण लक्ष देतो?

आमच्याकडे चिपळुणात अण्णांची पद्मिनी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, फियाटच्या ११०० वरून बेतलेली. चिपळूणचा पाऊस काय असतो हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. टेललाइटची लाल काच (होती प्लास्टिकची, पण तिला आजही सगळे काचच म्हणतात) बाहेरून स्क्रूने आवळलेली. मागे रबराची पट्टी, ती दोन पावसाळ्यांत कडक होऊन तडकायची. मग अण्णा जुन्या सायकलची ट्यूब कात्रीने कापून पट्टी बनवायचे. श्रावणात ऊन पडलं की दोन्ही काचा सोडवून तुळशीच्या कट्ट्यावर पालथ्या वाळत ठेवायच्या, हे काम माझ्याकडे. होल्डरमध्ये हिरवट चुरा साचलेला असायचा, तो पॉलिशपेपरच्या सुरळीने घासायचा. ते नाही केलं तर ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणायचा, कारण अर्थिंग गंजलं की करंट परतीची वाट शोधत दुसऱ्या बल्बच्या तारेतून जातो. लहानपणी मला ते भुताटकीसारखं वाटायचं. अण्णांनी दिव्याच्या तळाला एक बारीक भोक दाखवलं होतं आणि बजावलं होतं की हे बुजवायचं नाही, पाणी इथून जातं. आत पाणी येणारच हे गृहीत धरून केलेली रचना होती ती. आजच्या बऱ्याच दिव्यांपेक्षा मला ती जास्त प्रामाणिक वाटते.

काचेवर धरते ती वाफ म्हणजे किती पाणी असतं, याचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. ३० अंश सेल्सिअसला दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. २० अंशांना १७ ग्रॅम. टेललाइटची पोकळी धरा तीन लिटर. रात्रीत दहा अंश उतरले तर त्या पोकळीतून सुटणारं पाणी भरतं सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे डोळ्यांत घालायच्या औषधाच्या जेमतेम एका थेंबाएवढं. तेवढंच पाणी बारीक कणांनी काचभर पसरतं आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. उलट तळाशी चमचाभर पाणी डुचमळताना दिसलं तर ते नुसत्या गारव्याने आलेलं असणं शक्य नाही. कुठेतरी चीर आहे, पॅकिंग सुटलंय किंवा गाडी मागून ठोकलेली आहे. मेकॅनिकच्या पहिल्या प्रश्नाचा अर्थ हा.

दिवा श्वासही घेतो. ब्रेकचा जुना बल्ब २१ वॉटचा, त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जाते. आतली हवा २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेली की एक दशांशाने फुगते. तीन लिटरच्या दिव्यातून कपभर हवा बाहेर पडते. गाडी बंद केली, दिवा निवला की तेवढीच हवा परत आत ओढली जाते, आणि जुलैत ती ओलीच असते. तापलेल्या दिव्यावर गाडी धुणाऱ्याने गार पाण्याचा फवारा मारला तर हे सगळं मिनिटाभरात घडतं, आणि ओढली जाते ती नुसती हवाच असेल असं नाही.

आणखी एक गोष्ट उघड्यावर गाडी लावणाऱ्यांच्या अनुभवाची. झाडाखालच्या किंवा पोर्चमधल्या गाडीला वाफ कमी धरते, मोकळ्या मैदानातल्या गाडीला जास्त. याचं कारण मोटार जन्मायच्या कितीतरी आधी, १८१४ मध्ये, लंडनमधले डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवबिंदूंवर प्रयोग करून मांडलं होतं. निरभ्र रात्री मोकळ्या आकाशाकडे तोंड करून असलेली वस्तू आपली उष्णता वर टाकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. मग हवेतली वाफ तिच्यावर उतरते. गवताच्या पात्यावरचं दव आणि टेललाइटवरचा घाम एकाच घरचे. फरक एवढाच की गवतावरचं दव नऊ वाजेपर्यंत उडून जातं.

मग काचेला स्क्रू लावणं बंद झालं. गाड्यांचे मागचे दिवे मोठे झाले, कोपऱ्यावरून वळून बाजूला येऊ लागले, डिकीच्या दाराबरोबर दुभंगले. असा आकार रबराच्या पट्टीवर नीट बसत नाही. ॲक्रिलिकची पुढची बाजू आणि मागची प्लास्टिकची वाटी गरम करून किंवा थरथरवून एकमेकांना कायमची जोडायची पद्धत रूढ झाली. दिवा आता उघडतच नाही. मागून फक्त बल्बचे होल्डर फिरवून निघतात. बाहेरचा पाऊस यामुळे बराच थोपला हे मान्य केलं पाहिजे. पण वाळत घालायची सोयही गेली.

इतका जोडला तर पुरता सीलबंदच का केला नाही, असा प्रश्न साहजिक पडतो. एक तर फुगणाऱ्या हवेला वाट नसेल तर तिचा जोर जोडांवर येतो, रोज, वर्षानुवर्षं. दुसरं असं की प्लास्टिक काचेसारखं कोरडं नसतं. ते ओल शोषतं, आणि दिवा तापला की तीच ओल आत सोडतं. थोडी वाफ तर भिंतीतून आरपारही जाते. सील्ड बीम काचेचा होता म्हणून जमलं. प्लास्टिकचा डबा कितीही घट्ट बंद करा, काही महिन्यांत आत दमटपणा येतोच, आणि बाहेर जायला वाट नसल्याने तो तिथेच मुक्काम ठोकतो. म्हणून मागच्या बाजूला मुद्दाम तोंडं ठेवली: कोपरासारख्या वाकड्या रबरी नळ्या, चक्रव्यूहासारख्या टोप्या, म्हणजे हवा फिरेल पण उडालेलं पाणी आत येणार नाही.

यातली पुढची पायरी कपड्यांच्या दुनियेतून आली. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई हा पदार्थ ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीतल्या रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अपघातानेच सापडला. १९६९ मध्ये अमेरिकी संशोधक बॉब गोर त्याच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होते, त्या तुटत होत्या. वैतागून त्यांनी एक कांडी हिसडली आणि ती न तुटता भरपूर लांबली. त्यातून जो जाळीदार पडदा तयार झाला त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाला फार लहान आणि वाफेच्या रेणूला ऐसपैस. रेनकोट त्याचेच झाले, आणि नंतर मोटारीच्या दिव्यांच्या पाठीवर चिकटवायच्या बोटाच्या पेराएवढ्या गोल टिकल्याही. आजच्या दिव्याच्या मागे अशी टिकली दिसली तर ती कंपनीचं लेबल समजून सोलू नये.

इथवर यायला हवं होतं समाधान, पण तक्रारी वाढल्याच. माझ्या मते यात ओलीपेक्षा काचेचा दोष जास्त. जुनी लाल काच आतून रेघारेघांची, लोलकांची असायची; तिच्यावर वाफ धरली तरी बाहेरून कळायची नाही. १९९८ मध्ये टोयोटाची अल्टेझा आली, बाहेर लेक्सस आयएस म्हणून विकली गेली, आणि तिच्या पारदर्शक काचेआड चमकणाऱ्या गोल दिव्यांची लाटच आली. आपल्याकडेही ॲक्सेसरीच्या दुकानांत तसले जोड लटकू लागले. शोकेस आरपार दिसणारी झाली की तिच्यातला प्रत्येक कण दिसणार. वाफ तेवढीच होती, ती आता नजरेत भरायला लागली.

त्यावर एलईडीने कळस केला. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलांपासून मागच्या काचेजवळचा तिसरा ब्रेकलाइट सक्तीचा झाला, तिथून एलईडीचा शिरकाव झाला. २००० च्या कॅडिलॅक डेव्हिलमध्ये अख्खे टेललाइटच एलईडीचे आले. वीज वाचली, दिवा पटकन पेटू लागला, बल्ब उडायची कटकट गेली. पण जुना बल्ब नकळत एक चाकरी करायचा: काच शेकायचा. एलईडीची थोडीफार उष्णता पाठीमागच्या धातूत जाते, पुढची काच गारच राहते. कंदिलाची काच तापून निवळायची, बल्बच्या दिव्याची निवळायला अर्धा तास लागायचा, एलईडीची दुपारच्या उन्हाची वाट बघत बसते. काही कारखाने आतून असा लेप देतात की थेंब न बनता पाण्याचा पातळ, न दिसणारा थर व्हावा. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत तर एक ओळ ठरलेली: तात्पुरती वाफ धरणं हा बिघाड समजू नये. ओळ खरी आहे, फक्त "तात्पुरती" म्हणजे किती दिवस ते कुणी लिहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या डाव्या दिव्याला आठवडाभर वाफ राहिली. सर्व्हिस सेंटरने न खोलता सांगितलं, अख्खं युनिट बदला. आकडा ऐकून मी पुण्यात नाना पेठेत एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी डिकीतलं अस्तर बाजूला करून दोन नट काढले, दिवा हातात घेतला, उलटा केला आणि हसले. वाकड्या रबरी नळीच्या तोंडात कुणीतरी सिलिकॉन ठासून भरलं होतं. मागे डेंटिंगचं काम झालं होतं, तेव्हा भोक दिसलं म्हणून पाणी शिरेल या काळजीने भरलं असणार. "नाकच बंद केलंय की हो काका," म्हणत मिस्त्रींनी पोक्याने ते कोरून काढलं, होल्डर काढून दिवा तासभर टेबलफॅनसमोर ठेवला आणि परत बसवला. चौथ्या दिवशी काच निवळली. खालच्या कोपऱ्यात वाळलेल्या पाण्याची एक पांढरी रेघ तेवढी राहिली. दिवा उघडत नाही, त्यामुळे ती पुसता येत नाही.