टेलिफोन व फॅक्स उपकरणांचे प्रमाणीकरण : ग्रामीण विदर्भातील घरगुती वापर

घरच्या टेलिफोन लाइनीला जोडायचा फोन, कॉर्डलेस, मोडेम किंवा फॅक्स यंत्र ठरलेल्या विद्युत, सुरक्षा आणि रेडिओविषयक कसोट्यांना उतरते की नाही, याची कायद्याने बंधनकारक केलेली तपासणी म्हणजे प्रमाणीकरण. भारतात हे काम दूरसंचार विभागाचे दूरसंचार अभियांत्रिकी केंद्र (टीईसी) पाहते. प्रमाणपत्र मिळवायचे ते उत्पादकाने किंवा आयातदाराने. ग्राहकाने कुठेही अर्ज करायचा नसतो. पण बिनतपासणीचा फोन घरात आला तर त्याचा त्रास वरुडच्या किंवा सिरोंच्याच्या घरालाच भोगावा लागतो. त्यामुळे हा विषय ग्राहकानेही समजून घ्यावा असा आहे.

फोन सरकारी टेलिफोन खात्याच्या मालकीचा होता आणि खात्याचाच माणूस येऊन तो बसवून जाई, तोवर हा प्रश्न फारसा नव्हता. १९८४ मध्ये ग्राहकाकडील उपकरणे बनवण्याची मुभा खासगी कारखान्यांना मिळाली. पुढे फोन दुकानातून विकत आणून लाइनीला जोडण्याची पद्धत रुळली. १८८५ च्या भारतीय तार कायद्याखालील नियमांत २०१७ च्या सप्टेंबरात दुरुस्ती झाली आणि परवानाधारकाच्या (म्हणजे टेलिफोन सेवा देणाऱ्या कंपनीच्या) जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाची आधी चाचणी व प्रमाणीकरण सक्तीचे ठरले. १ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आलेल्या पहिल्या टप्प्यात दोन तारांचे टेलिफोन, कॉर्डलेस, मोडेम आणि गट ३ ची (म्हणजे साध्या टेलिफोन लाइनीवर चालणारी नेहमीची) फॅक्स यंत्रे यांचा समावेश होता. उत्तरयंत्रांना (फोन कोणी उचलला नाही तर निरोप टिपून घेणाऱ्या यंत्रांना) याच्याही आधी, २०१२ च्या आदेशाने, भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागू झाली होती. तार कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा करण्यात आला असून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

या कसोट्या कशासाठी, ते तांब्याच्या लाइनीकडे पाहिले की लक्षात येते. रिसीव्हर ठेवलेला असताना तारांवर एक्स्चेंजच्या बॅटरीचा सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो. म्हणूनच लोडशेडिंगमध्येही साधा फोन चालतो. घंटी वाजते त्या वेळी त्यावर सुमारे ७५ व्होल्टचा, २५ हर्ट्झचा प्रवाह येतो. डीपी बॉक्समध्ये, म्हणजे केबलमधून घरोघरच्या तारा फुटतात त्या पेटीत, उघड्या तारा धरून जोडणी करणाऱ्या लाइनमनला नेमक्या त्या क्षणी घंटी आली तर चांगलाच झटका बसतो. ठेवलेल्या फोनने लाइनीतून जवळजवळ काहीच प्रवाह ओढू नये, अशी अपेक्षा असते. हलक्या प्रतीच्या फोनमधून प्रवाह झिरपू लागला की एक्स्चेंजला रिसीव्हर उचलल्यासारखे दिसते आणि लाइन बिझी लागत राहते. बटणांचेही तसेच. ५ दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम निघतात. सूर मर्यादेबाहेर सरकले तर एक्स्चेंज तो आकडा ओळखत नाही, मग रॉंग नंबर लागतो आणि दोष लाइनीवर ढकलला जातो.

विदर्भात सर्वांत महत्त्वाची कसोटी आभाळातल्या विजेची. मृग लागण्याच्या आगेमागे होणाऱ्या कडकडाटात शेतातून आलेली लांब ड्रॉप वायर (खांबावरून घरापर्यंतची टेलिफोनची तार) विजेचा धक्का थेट घरात आणते. ग्राहकाकडील उपकरणांनी असा धक्का कितपत सोसावा, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या के.२१ या शिफारशीत सांगितले आहे. मात्र प्रमाणित उपकरणही अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही, आणि इथे काळ्या मातीचा स्वभाव आडवा येतो. ओली असताना ती वीज चांगली वाहते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, अर्थिंगच्या सळीभोवतीची माती सुटते, आणि पहिला वादळी पाऊस येतो तो याच अवस्थेत. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहणे हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. गडगडाट सुरू झाला की रोझेटमधून (भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीतून) फोनची पिन काढावी आणि तारेचा फोन कानाला लावू नये, हे घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना माहीत असले पाहिजे.

कॉर्डलेसमध्ये रेडिओ प्रक्षेपक असल्याने दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यताही लागते. गावातल्या घरचा फोन तीन-चार किलोमीटरवरच्या संत्र्याच्या बागेत ऐकू यावा, ही गरज खरी आहे. पण त्यासाठी मिळणारे लांब पल्ल्याचे जास्त शक्तीचे संच बेकायदा आहेत, कारण ते दुसऱ्यांच्या रेडिओ लहरींत अडथळा आणतात. या बाबतीत नियमाचीच बाजू घ्यावी लागते. बागेतल्या कामासाठी आता मोबाइल आहेच.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या संचाबद्दल गैरसमज फार. त्याच्या तळाशी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाच्या भाग ६८ चे, म्हणजे तिथल्या टेलिफोन उपकरणांच्या नियमांचे, लेबल असले, तरी ते तिकडच्या जाळ्यापुरते. भारतातील विक्रीसाठी ते टीईसीच्या प्रमाणपत्राऐवजी चालत नाही. अशा संचाचा अडॅप्टर पुष्कळदा ११०-१२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टला लावताच जळतो. तालुक्याच्या दुकानात फोन घेताना बॉक्सवर आणि संचाच्या तळाशी टीईसीचा प्रमाणपत्र क्रमांक, आणि सोबतच्या अडॅप्टरवर ब्यूरोचा ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. पक्के बिल मागावे. ही माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याचे काम दुकानदारांनी आणि दूरसंचार कंपन्यांनी जितक्या नेटाने करायला हवे होते तितके झालेले नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

फॅक्स यंत्र फोनपेक्षा नाजूक. पाठवणारे यंत्र ११०० हर्ट्झचा सूर थांबूनथांबून देते, घेणारे २१०० हर्ट्झने उत्तर देते, मग दोघे वेग ठरवतात. लाइनीत खरखर असेल तर वेग सेकंदाला १४,४०० बिटवरून उतरत जातो आणि पान निघायला वेळ लागतो. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले की हा अनुभव हमखास येतो. त्याला यंत्र जबाबदार नसते. थर्मल कागदावरची अक्षरे विदर्भातल्या उन्हाळ्यात लवकर फिकी पडतात, तेव्हा जमिनीच्या किंवा कोर्टाच्या कागदाची लगेच झेरॉक्स काढून ठेवावी.

तांब्याच्या जागी फायबर आले की यातले बरेच बदलते. घरातल्या फायबरच्या डब्याला प्रमाणीकरण लागतेच, शिवाय त्याला घरची वीज लागते, म्हणून इन्व्हर्टर नसेल तर लोडशेडिंगमध्ये लँडलाइन बंद. या डब्याच्या फोन पोर्टला जुना प्रमाणित फोन सहसा चालतो. फॅक्सचे मात्र सांगता येत नाही: आवाज दाबून पाठवणाऱ्या जी.७२९ सारख्या पद्धतीत फॅक्सचे सूर बिघडतात, आणि टी.३८ ची (इंटरनेटच्या जाळ्यावरून फॅक्स नीट पोचवणाऱ्या पद्धतीची) सोय नसेल तर पान अर्ध्यात तुटते. फॅक्स लागत असलेल्या वकिलाने किंवा जिनिंगवाल्याने जोडणी बदलण्याआधीच टी.३८ आहे का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.