‘९० दिवस थांबा, मग लग्न करा’ : अमेरिकेच्या ग्रीन कार्डाबद्दलचा खुलासा
पर्यटक व्हिसावर अमेरिकेत जाऊन ९० दिवस थांबायचं, मग लग्न करायचं, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज सुरक्षित, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. असा कायदा नाही. ९० दिवसांचा निकष परराष्ट्र खात्याच्या व्हिसा अधिकाऱ्यांसाठी आहे. २०१७ पूर्वी तो ३० आणि ६० दिवसांचा होता. ग्रीन कार्डाचा अर्ज तपासणाऱ्या यूएससीआयएसवर (अमेरिकेचं नागरिकत्व आणि स्थलांतर खातं) तो बंधनकारक नाही. त्यांचा खरा प्रश्न असतो, विमानतळावर ‘कशाला आलात?’ याचं उत्तर खरं दिलं होतं का. लग्नाचा हॉल आधीच बुक करून तिथे ‘फिरायला’ म्हटलं असेल, तर ९१वा दिवसही वाचवत नाही. खोटेपणा ठरला की बंदी कायमची, माफीचा अर्ज वेगळा.

जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल तर आय-१३० (नात्यासाठी जोडीदाराने करायचा अर्ज) आणि आय-४८५ (अमेरिकेत राहूनच करायचा ग्रीन कार्डाचा अर्ज) एकत्र भरता येतात. रीतसर प्रवेश झालेला असेल तर मधे आय-९४ची (प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) मुदत संपली तरी सहसा आड येत नाही. जोडीदाराकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर मुदत संपल्यावरची ही सवलत विसरा. आणि सगळ्यात महाग पडणारा घोळ : अर्ज प्रलंबित असताना ॲडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात नसताना भावाच्या लग्नाला पुण्याला यायचं. पर्यटक व्हिसावरून केलेला आय-४८५ मग सोडून दिला असंच धरलं जातं.