बारा कप म्हणजे किती कप? ड्रिप कॉफी मेकरची पार्श्वभूमी

माझ्या यंत्राच्या काचेच्या भांड्यावर १२ खुणा आहेत. घेतलं तेव्हा खोक्यावर ‘बारा कप’ असं ठळक छापलेलं होतं. घरात कॉफी पिणारे चौघं, म्हणजे माणशी तीन कप, असा साधा हिशेब मी केला होता. पहिल्याच रविवारी पाच मग भरले आणि भांड्याच्या तळाशी दोन घोट उरले. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि बाराव्या खुणेपर्यंत पाणी भरून तोललं. १ किलो ७८० ग्रॅम भरलं. म्हणजे एका खुणेला साधारण १४८ मिली पाणी. आमचा मग ३०० मिलीचा आहे.

याला फसवणूकही म्हणता येत नाही, कारण खोक्यावरचा ‘कप’ खोटा नाही. तो फक्त दुसऱ्या काळातला आहे. त्यामुळे यंत्र निवडताना जो आकडा सगळ्यात आधी नजरेस पडतो, नेमका तोच सगळ्यात कमी कामाचा ठरतो. तो तिथे कसा आला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. पुडीवर गरम पाणी ओतून खाली ठिबकणारी कॉफी घ्यायची दोन मजल्यांची भांडी १८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये होती. १९०८ साली ड्रेस्डेनमधल्या एका गृहिणीने मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घातला, त्यातून कॉफी गाळली आणि त्याच वर्षी त्याची नोंदणीही केली. फिल्टर पेपरची आजची ओळखीची शंकूसारखी घडी १९३० च्या दशकातली. पण या सगळ्यात पाणी हातानेच ओतायचं होतं. विजेवर चालणारं, पाणी स्वतःच तापवून स्वतःच वर चढवणारं घरगुती ड्रिप यंत्र १९५४ मध्ये जर्मनीत आलं.

अमेरिकेत तेव्हा परकोलेटरचं राज्य होतं. शेगडीवरच्या परकोलेटरचं तिथलं पेटंट १८८९ चं. त्यात उकळतं पाणी मधल्या नळीतून वर उसळतं, पुडीवर पडतं, खाली येतं आणि तीच तयार कॉफी पुन्हा उकळून पुन्हा वर जाते. घरभर वास सुरेख सुटतो. कपात उरतो तो कडवटपणा. १९७२ मध्ये तिथे घरगुती ड्रिप यंत्र बाजारात आलं, एका निवृत्त बेसबॉलपटूने टीव्हीवर त्याची जाहिरात केली आणि काही वर्षांत परकोलेटर माळ्यावर गेले. आज आपण ज्याला ‘साधं कॉफी मेकर’ म्हणतो त्याचा साचा तिथलाच: मागे टाकी, वर पूड, खाली काचेचं भांडं आणि त्याखाली गरम तबकडी.

आता कप. ही गुंतागुंत नीट सोडवल्याशिवाय पुढचं काहीच जुळत नाही, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो.

अमेरिकी पाककृतीतला कप ८ द्रव औंसांचा, म्हणजे सुमारे २३७ मिलीचा. त्याच देशातल्या कॉफी यंत्रावरचा कप मात्र बहुधा ५ औंसांचा, १४८ मिलीचा. कुठे तो ६ औंसांचा असतो, कुठे ४ चा. युरोपातली यंत्रं १२५ मिलीचा कप धरतात, म्हणून तिथलं दहा कपांचं यंत्र सव्वा लिटरचं. शेगडीवरच्या इटालियन मोका पॉटचा कप तर आणखी लहान: सहा कपांच्या पॉटमधून जेमतेम ३०० मिली निघते. बशीत ठेवायच्या छोट्या चिनी मातीच्या कपासाठी १२५ किंवा १५० मिली हे माप चुकीचं नव्हतंच. पुढे त्याची जागा मगांनी घेतली आणि हे मग मोठे होत गेले. यंत्रावरची खूण होती तिथेच राहिली. खूण बदलून कोणत्याही उत्पादकाचा फायदा नाही, कारण जो पहिला प्रामाणिकपणे ‘सहा मग’ छापील, त्याचं यंत्र शेजारच्या ‘बारा कपां’पुढे निम्मं दिसणार.

एवढ्यावर भागलं असतं तर सगळ्याला दोनने भागून मोकळं होता आलं असतं. खरा घोळ पुडीच्या मापात आहे. कॉफीच्या पुड्यांवर वर्षानुवर्षं छापला गेलेला सल्ला म्हणजे ‘एका कपाला दोन टेबलस्पून’, अर्थात साधारण १० ग्रॅम. या सल्ल्यातला कप ६ औंसांचा, १७७ मिलीचा. १७७ मिलीला १० ग्रॅम म्हणजे लिटरला ५६ ग्रॅम, आणि व्यवसायात आज मानलं जाणारं प्रमाणही लिटरला ५५ ग्रॅमच आहे. सल्ला अगदी बरोबर. पण तोच सल्ला यंत्रावरच्या १४८ मिलीच्या खुणेला लावला की लिटरला ६७ ग्रॅमच्या वर जातो. १२५ मिलीच्या खुणेला लावला तर ८० ग्रॅम, म्हणजे कडक काढा. आणि ‘कप म्हणजे माझा मग’ असं समजून लावला तर लिटरला ३३ ग्रॅम, नुसतं तपकिरी पाणी. चौघांनी एकच सूचना तंतोतंत पाळायची आणि चौघांची कॉफी चार तऱ्हेची व्हायची. यात यंत्र बिचारं विनाकारण बदनाम होतं.

शिवाय चोथाही पाणी पितो. पुडीच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी फिल्टरमध्येच अडकून राहतं. आमच्या चार मगांना १२०० मिली कॉफी हवी. त्यासाठी पाणी घ्यावं लागतं १३५० मिली आणि पूड ७४ ग्रॅम. माझ्या भांड्यावर ही पातळी नवव्या खुणेच्या किंचित वर येते. म्हणजे यंत्राच्या भाषेत नऊ कप, पुडीच्या पाकिटाच्या भाषेत साडेसात आणि माझ्या भाषेत चार. म्हणून खोक्यावरचे कप सोडून लिटर शोधावेत. ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात.

क्षमतेइतकाच दुर्लक्षित आकडा वॅटचा. त्यासाठी यंत्राचं पोट पाहायला हवं. स्वस्तातलं यंत्र उलटं करून तळाचं झाकण काढलं (प्लग काढून, हे सांगायला नको), तर तबकडीच्या खाली घोड्याच्या नालेसारखी वळवलेली ॲल्युमिनियमची नळी दिसते. तिला चिकटून हीटर असतो. टाकीतलं पाणी एकमार्गी झडपेतून या नळीत उतरतं, तिथे तापतं, बुडबुडे धरतात आणि ते बुडबुडे पाण्याचे गोळे ढकलत वरच्या नळीतून पुडीवर नेऊन टाकतात. मागे जायला झडप देत नाही, त्यामुळे वाट वरचीच. पंप नाही, फिरणारा भाग नाही. शेवटी टाकी रिकामी होते, नळीतून नुसती वाफ घरघरत निघते, नळी तापते आणि थर्मोस्टॅट टक् करून हीटर तोडतो. त्यानंतर तोच हीटर अधूनमधून सुरू होऊन तबकडी गरम ठेवतो. नळीत क्षार साचले की हा सगळा खेळ मंदावतो; जड पाणी असलेल्या घरांत यंत्र ‘म्हातारं’ होतं ते बहुतेक वेळा एवढ्यानेच, आणि सायट्रिक ॲसिडच्या एका फेरीत पुन्हा तरुणही होतं.

या रचनेत पाणी किती वेगाने वर जाणार हे वॅट ठरवतात. एक लिटर पाणी २० अंशांवरून ९३ अंशांवर न्यायला सुमारे ३०५ किलोज्यूल लागतात. ९०० वॅटच्या यंत्राला १.८ लिटर पाण्यासाठी दहा मिनिटं लागणार, तीही काहीच उष्णता वाया गेली नाही असं धरून. १४०० वॅटचं यंत्र सव्वा लिटर साडेचार मिनिटांत काढतं. पुडीचा पाण्याशी संपर्क चार ते आठ मिनिटांत आटोपावा अशी अपेक्षा असते. तेव्हा भांडं मोठं आणि वॅट कमी ही जोडी दिसली की मी पुढे जातो. बटणं, घड्याळ, आरंभी पूड भिजवून थांबण्याची सोय, हे सगळं त्यानंतरचं.

तापमानावर मात्र अजून एकमत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉफी-व्यवसायाच्या पैशावर चाललेल्या एका संस्थेत एका रसायनशास्त्रज्ञाने एक आलेख मांडला. पुडीतला १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरावा आणि कपात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण १.१५ ते १.३५ टक्के असावं, ही त्यातली मधली ‘आदर्श’ चौकट. पुढे नॉर्वेत घरगुती यंत्रं तपासून शिक्का देण्याची पद्धत आली, तशीच अमेरिकेतल्या एका व्यापारी संघटनेनेही सुरू केली आणि ‘९२ ते ९६ अंश’ हा आकडा पवित्र झाला. महागड्या यंत्रांची निम्मी जाहिरात आजही त्याच्यावर उभी आहे.

२०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठातून निघालेल्या अभ्यासाने या पावित्र्याला धक्का दिला. ८७, ९० आणि ९३ अंशांवर कॉफी गाळली, पण दळण आणि वेळ असे जुळवले की तीव्रता आणि उतारा (पुडीतून पाण्यात उतरणारा भाग) सारखाच राहील. तालमीत तयार झालेल्या चाखणाऱ्यांना तापमानामुळे पडलेला फरक फारसा जाणवला नाही. यावरून ‘तापमान ही थापच होती’ असा निष्कर्ष काढणारे काढतात. तो घाईचा आहे. घरात आपण काहीच जुळवून घेत नाही. तेच दळण, तीच पूड, तेच बटण. अशा वेळी कोमट यंत्र कमी उतारा काढणार आणि कॉफी आंबट-पातळ लागणार. पण अभ्यासातून एक सोय नक्की कळते: यंत्र थोडं थंड गाळत असेल तर दळण जरा बारीक करून बरंच भरून काढता येतं. चार अंशांसाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी हे करून पाहायला काही खर्च नाही.

फिल्टरच्या आकारावर लोक हिरिरीने भांडतात. शंकूत पुडीचा थर खोल होतो, म्हणून दोन-तीन मगांना तो बरा. मोठ्या भांड्याला सपाट तळाची टोपली. त्याहून जास्त महत्त्व वरच्या झारीला आहे. पाणी एकाच भोकातून मधोमध पडत असेल तर मध्ये खड्डा पडतो आणि कडेची पूड कोरडी राहते. चोथा टाकताना हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. कागद की जाळी, या प्रश्नात आरोग्याचा मुद्दा कागदाच्या बाजूने आहे: कोलेस्टेरॉल वाढवणारं कॉफीतलं कॅफेस्टॉल कागद अडवतो, धातूची जाळी बरंचसं जाऊ देते.

राहता राहिलं भांडं. काचेचं भांडं आणि तबकडी ही १९७२ च्या साच्याची देणगी, आणि माझ्या मते त्या साच्याचा सगळ्यात वाईट भाग. तबकडीवर कॉफी गरम राहत नाही, शिजत राहते. अर्ध्या तासात तिला एक कडू-आंबट करपट चव येते. थर्मासच्या भांड्यात हे होत नाही, फक्त ते आधी गरम पाण्याने विसळून घ्यावं लागतं, नाहीतर धातू पहिल्या दोन मगांची उष्णता खातो. या वादात कायदाही पडला, अर्थात चवीसाठी नव्हे, विजेसाठी. युरोपात १ जानेवारी २०१५ पासून विकायला येणाऱ्या घरगुती ड्रिप यंत्रांना आपोआप बंद होणं सक्तीचं झालं: थर्मासचं भांडं असेल तर कॉफी गाळून झाल्यावर जास्तीत जास्त ५ मिनिटांत, साधं असेल तर ४० मिनिटांत. तबकडी बंद पडते म्हणून तेव्हा बऱ्याच जणांनी नाराजी दाखवली. मला ४० मिनिटंही जास्तच वाटतात.

पुढचं यंत्र थर्मासवालंच घ्यायचं, हे घरात ठरलं आहे. अडचण पुन्हा कपांचीच आहे. ती यंत्रं बहुधा दहा कपांची असतात आणि हे दहा कप १२५ मिलीचे. माझ्या बाराशी तुलना केली तर कागदावर फरक दोन कपांचा, प्रत्यक्षात अर्ध्या लिटरहून अधिक. सव्वा लिटर पाण्यातून चोथ्याने आपला वाटा घेतल्यावर ११०० मिलीच्या आसपास कॉफी मिळते. तीन मग काठोकाठ आणि चौथा दोन बोटं कमी. तो चौथा मग कोणाचा, यावर आमचं घोडं अडलं आहे.