हॉट रॉड: घरच्या गॅरेजातली बांधणी

हॉट रॉड म्हणजे जुनी अमेरिकन गाडी, बहुतेक वेळा १९४८ पर्यंतची आणि त्यातही फोर्ड, जिचं मूळ इंजिन, ब्रेक, एक्सल, गिअरबॉक्स जे जे जमेल ते काढून त्या जागी दुसऱ्या गाड्यांचे जास्त दमाचे पार्ट बसवलेले असतात, बॉडी हलकी आणि बुटकी केलेली असते आणि हे सगळं काम शक्यतो मालकाने स्वतःच्या घरच्या गॅरेजात केलेलं असतं. रिस्टोरेशन हा वेगळा प्रकार. तिथे गाडी कंपनीतून निघाली तशीच परत उभी करायची असते, एकेक स्क्रू त्याच वर्षाचा हवा वगैरे. हॉट रॉडवाल्याला १९३१ ची बॉडी, १९३२ ची चासी म्हणजे खालचा सांगाडा, १९४० चे ब्रेक आणि १९५१ च्या मर्क्युरीचं, म्हणजे फोर्डच्याच दुसऱ्या ब्रँडचं, इंजिन एकाच गाडीत हवं असतं आणि त्यात त्याला काहीही वावगं वाटत नाही.

फोर्डच का

हेन्री फोर्ड हट्टी माणूस होता आणि हॉट रॉड हा प्रकार बराचसा त्याच्या हट्टावर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल. १९२८ च्या मॉडेल ए पासून १९४८ पर्यंत फोर्डने गाडीखालचा सांगाडा जवळपास तसाच ठेवला, म्हणजे पुढे एक आणि मागे एक असा आडवा पाट्यांचा स्प्रिंग, पुढे सरळ बीम एक्सल, आणि मधली काही वर्षं सोडली तर चाकाला साडेपाच इंचाच्या वर्तुळावर पाच बोल्ट. बाकीच्या कंपन्या पुढे गेल्या, प्लिमथने १९२८ मध्येच हायड्रॉलिक ब्रेक दिले, पण फोर्ड १९३८ पर्यंत सळ्या आणि केबलच्या मेकॅनिकल ब्रेकवरच अडून बसला. त्या काळच्या गिऱ्हाइकाला याचा तापच झाला असणार, पण पुढच्या पिढीतल्या पोरांना लॉटरी लागली, कारण भंगारातल्या दहा वर्षं नव्या फोर्डचा पार्ट दहा वर्षं जुन्या फोर्डला थोड्या कानशीने आणि एखाद्या वॉशरने बसायला लागला. शिवाय मॉडेल ए ४८ लाखांच्या वर बनल्या होत्या, त्यामुळे त्या स्वस्तात आणि कुठेही मिळायच्या.

दुसरं कारण इंजिन. १९३२ मध्ये फोर्डने साध्या माणसाच्या गाडीत व्ही-एट, म्हणजे इंग्रजी व्ही आकारात आठ सिलिंडरचं, इंजिन दिलं, २२१ घन इंच म्हणजे ३.६ लिटर, ६५ हॉर्सपॉवर, अख्खा ब्लॉक एकाच ओतकामात. तोपर्यंत आठ सिलिंडर हा श्रीमंतांचा मामला होता. १९३२ च्या गाडीला अमेरिकेत लाडाने ड्यूस म्हणतात आणि तिच्या चासीच्या बाजूला दाबून काढलेली जी उठावदार रेघ आहे तिच्यासाठी लोक आजही मॉडेल ए ची बॉडी उचलून ड्यूसच्या चासीवर ठेवतात. दिसायला यापेक्षा देखणी जोडी नाही, हे माझं मत, पण एकट्याचं नाही.

कुठून आलं

जागा दक्षिण कॅलिफोर्निया, काळ १९३० चं दशक. लॉस एंजेलिसच्या पलीकडे मोहावे वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत, तळ सपाट आणि टणक, मैलोनमैल आडवं काही नाही. पोरं आठवडाभर गॅरेजात खटपट करायची, मडगार्ड, बंपर, हेडलाइट काढून टाकायची आणि सुट्टीला तिथे गाडी पळवून ताशी शंभर मैल गाठता येतात का बघायची. १९३७ मध्ये या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली आणि शर्यतीला घड्याळ, नियम आणि थोडी शिस्त आली. पुढे म्युरॉक सैन्याकडे गेलं, आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. युद्धाच्या काळात बरेचसे सभासद आघाडीवर होते, तेव्हा व्हीडा ऑर नावाची बाई, जी स्वतः या तळ्यांवर गाडी पळवायची, बातमीपत्र काढून सैनिक पोरांना पाठवत राहिली. हा तपशील पुष्कळ ठिकाणी गाळला जातो म्हणून मुद्दाम लिहिला.

युद्धानंतर खरा स्फोट झाला. परत आलेल्या पोरांकडे थोडे पैसे होते, सैन्यात शिकलेलं वेल्डिंग आणि मशीनचं काम होतं, आणि सैन्याचा उरलेला माल किलोच्या भावाने मिळत होता, अगदी लढाऊ विमानाखालची पेट्रोलची जादा टाकी घेऊन तिचीच बॉडी करून त्यात इंजिन बसवायचे. ॲलेक्स झायडियासने १९४६ मध्ये सो-कॅल स्पीड शॉप हे दम वाढवायच्या पार्टांचं दुकान काढलं, जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघालं, १९४९ मध्ये युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला स्पीड वीक झाला आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्सने ड्रॅग रेसिंगची, म्हणजे छोट्या सरळ पट्टीवरच्या शर्यतीची, राष्ट्रीय संघटना उभी केली, ज्यामागे एक हेतू पोरांना रस्त्यावरच्या शर्यतीतून उचलून पट्टीवर नेण्याचा होता.

इंजिन

जुन्या पठडीतला बांधणारा फ्लॅटहेड व्ही-एटच घालतो. याचे व्हॉल्व्ह डोक्यात नसून ब्लॉकमध्ये असतात म्हणून हेड म्हणजे नुसतं चपटं झाकण. यातली गोम अशी की जळालेला वायू बाहेर पडताना ब्लॉकमधल्या पाण्याच्या जागेतून वाट काढत जातो, आणि दर बाजूला सिलिंडर चार पण बाहेर जायची तोंडं तीनच, म्हणजे मधले दोन सिलिंडर एकाच तोंडातून धूर सोडतात. त्यामुळे हे इंजिन तापतं. तापतंच. दोन वॉटरपंप असूनही तापतं. मोठा रेडिएटर आणि आतून नीट साफ केलेला ब्लॉक, यावर लोकांचा निम्मा वेळ जातो, आणि ब्लॉकमध्ये सत्तर-ऐंशी वर्षांचा गंज आणि ओतकामातली वाळूही निघते हे ऐकून नवख्याला खोटं वाटतं. ब्लॉक विकत घेण्याआधी चुंबकी तपासणी करून व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्या मधे चीर नाही ना हे बघायचं, कारण नेमका तिथेच तो तडकतो, आणि चिरेवर बोअरिंगचा (सिलिंडर कोरून रुंद करण्याचा) खर्च करणं म्हणजे पैसे गटारात.

दम वाढवायची रीत ठरलेली आहे. १९४६ ते ४८ चा २३९ घन इंचाचा फोर्ड ब्लॉक, जो कंपनीतून १०० हॉर्सपॉवर द्यायचा, तो घ्यायचा, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ३ पूर्णांक ५/१६ इंचापर्यंत वाढवायचा, त्यात १९४९ ते ५३ च्या मर्क्युरीचा ४ इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन ४ इंच वर-खाली करणारा, क्रँक टाकायचा, झाले २७६ घन इंच. वर ॲल्युमिनियमचे हेड म्हणजे कॉम्प्रेशन वाढलं, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा तापट कॅमशाफ्ट, आणि दोन कार्ब्युरेटर बसतील असा मॅनिफोल्ड. विक एडलब्रॉक आणि एड इस्केंडेरियन ही या धंद्यातली मोठी नावं, दोघांनीही सुरुवात आपल्या गाडीसाठी पार्ट बनवण्यातून केली. कार्ब्युरेटर म्हटलं की स्ट्रॉमबर्ग ९७, ज्याचा गळा ०.९७ इंचाचा म्हणून ते नाव.

मग १९५५ मध्ये शेवरलेने २६५ घन इंचाचं स्मॉल ब्लॉक व्ही-एट काढलं, १६२ हॉर्सपॉवर सुरुवातीलाच, व्हॉल्व्ह डोक्यात, आणि फ्लॅटहेडवर हजार डॉलर ओतून जे मिळेना ते इथे भंगारातून उचललं की मिळायला लागलं. फोर्डच्या गाडीत शेवरलेचं इंजिन यावरून आजही दोन तट आहेत. स्वस्त आणि विनाकटकट गाडी हवी असेल तर शेवरले घ्या, आवाज आणि रूप हवं असेल तर फ्लॅटहेड, बाकी भांडण चालू द्या.

चासी आणि ब्रेक

माझ्या मते गाडी इथेच घडते किंवा बिघडते, पण फोटोत दिसत नाही म्हणून याच्यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं. मूळ चासीच्या रेल पातळ पत्र्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या उघड्या असतात आणि तिप्पट ताकदीच्या इंजिनाने त्या पिळवटतात, म्हणून उघड्या बाजूला पट्टी लावून बंद पेटीसारख्या करतात. वेल्डिंग एका दमात ओढायचं नाही, इंच-दोन इंच इकडे, मग दुसऱ्या टोकाला, मग थंड होऊ द्यायचं, नाहीतर रेल केळ्यासारखी वाकते. आधी चासी सपाट जमिनीवर स्टँडवर लेव्हल करायची आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्ही तिरकी मापं घ्यायची, ती सारखी आली नाहीत तर पुढचं सगळं काम वाकडं होणार.

पुढे खाली वाकवलेला एक्सल, साधारण ४ इंचांचा, म्हणजे स्प्रिंग न कापता नाक खाली येतं. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन, ५ ते ७ अंश ठेवतात, कमी झाला की हायवेवर गाडी सरळ रेषेत राहत नाही. एक बारकावा: फोर्डचा मूळ त्रिकोणी विशबोन, म्हणजे एक्सल जागेवर धरणारा दुबेळका दांडा, मधे कापून दोन बाजूंना बांधला की एका चाकाखाली खड्डा आल्यावर एक्सलला पीळ बसतो, बीम एक्सल तो पीळ सहन करतो, गोल पाइपचा एक्सल करत नाही, तिथे चार दांड्यांची जोडणी लागते. इंजिन मागे साधारण ३ अंश झुकवून बसवायचं आणि मागच्या डिफरन्शिअलचा कोन त्याला समांतर जुळवायचा, नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट घुरघुरतो आणि युनिव्हर्सल जॉइंट महिन्यात जातात.

ब्रेकबद्दल हौस बाजूला ठेवावी. १९३९ पासून पुढचे फोर्डचे हायड्रॉलिक ड्रम ब्रेक जुन्या स्पिंडलवर थोड्या फेरफाराने बसतात आणि तीच पारंपरिक वाट आहे. पण मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा, एकाच खान्याचा असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी, म्हणून दोन खान्यांचाच घ्यावा, कोणी कितीही ‘पिरियड करेक्ट’ (त्या काळाला धरून) नाही म्हणून नाकं मुरडली तरी. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली असला तर तो चाकांतल्या सिलिंडरपेक्षा खाली येतो आणि ऑइल मागे उतरतं, मग पहिल्या दाबाला पेडल जमिनीला टेकतं. त्यासाठी लाइनमध्ये दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, डिस्क ब्रेकला २ पीएसआयचा (दर चौरस इंचाला २ पाउंड दाबाचा), ड्रमला १० चा.

बॉडी

मूळ पत्र्याची बॉडी आता महाग आणि बहुधा कुजलेली. ओहायोच्या ब्रुकव्हिल कंपनीच्या नव्या पत्र्याच्या बॉड्या मिळतात, फायबरच्या त्याहून स्वस्त. टप बुटका करणं म्हणजे चॉप, बॉडी चासीवर खाली उतरवणं म्हणजे चॅनल, बॉडीचा मधला पट्टा काढून टाकणं म्हणजे सेक्शन, आणि सेक्शनच्या वाटेला घरी जाऊ नये. चॉप करताना मॉडेल ए सोपी, कारण तिचे खांब जवळपास उभे आणि काचा सपाट, कुठल्याही काचवाल्याकडून कापून आणता येतात. १९३४ च्या गाडीचे खांब तिरके, तीन इंच काढले की वरचा टप खालच्या खांबांशी जुळतच नाही, मग टप लांब करावा लागतो. करवत लावण्याआधी आतून पाइपांचा आधार वेल्ड करायचा आणि दारांच्या फटी आधीच जुळवून घ्यायच्या, बॉडी एकदा फाकली की दार पुन्हा मुकाट्याने लागत नाही.

घरात करताना

अमेरिकेतल्या दोन गाड्यांच्या गॅरेजात, ओढूनताणून वीस बाय वीस फुटांत, हे होतं, पण सुटे केलेले पार्ट गाडीच्या तिप्पट जागा खातात हे कोणी आधी सांगत नाही. शहाणा बांधणारा गाडी दोनदा जोडतो: आधी कोऱ्या लोखंडावर सगळं, म्हणजे इंजिन, एक्झॉस्ट, पेडल, ब्रेकच्या नळ्या, सीटसुद्धा, लावून बघतो, पाय कुठे जातात, स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला घासतो का ते तपासतो, मग पुन्हा सगळं सोडून रंगाला. रंग आधी केला की नंतर एका ब्रॅकेटसाठी त्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. जुन्या फोर्डचं वायरिंग ६ व्होल्टचं आणि पॉझिटिव्ह अर्थचं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक सांगाड्याला जोडलेलं, ते १२ व्होल्टचं करून घेणं बरं.

जिवाशी येणाऱ्या गोष्टी दोन. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेलं लोखंड ओलं असताना वेल्डिंग केलं तर फॉस्जीन वायू बनतो, तोच जो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला, आणि अगदी थोडासाही फुफ्फुसं निकामी करू शकतो. दुसरं, हार्डनरवाल्या रंगात आयसोसायनेट असतं, तिथे कापडी मास्कचा काही उपयोग नाही, बाहेरची हवा पुरवणारा मास्क लागतो.

कागदपत्रं

चासीवर नंबर ठोकलेला असतो आणि मालकीचा कागद त्याच्याशी जुळायला हवा, म्हणून नुसती रेल घेताना लोक आधी नंबर बघतात. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाड्यांसाठी वेगळा कायदा आहे, दर वर्षी पहिल्या ५०० अर्जांना बॉडी ज्या वर्षाची दिसते त्या वर्षाच्या धुराच्या नियमांत बसवून घेतात. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे.

भारतात चित्र एकदम उलटं आहे. एकेकाळी मुंबईत फोर्डच्या गाड्या जुळवल्या जायच्या, जुने व्ही-एट आजही विंटेज रॅलीत दिसतात, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना विंटेजची सोय दिली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं आणि नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे हॉट रॉडची जी व्याख्या तीच इथे नाकारण्याचं कारण. त्यामुळे आपल्याकडे कोणी अशी गाडी बांधलीच तर ती खासगी आवारात किंवा प्रदर्शनात उभी राहते, आरटीओकडून पासिंग होत नाही.