उष्णता आणि स्मार्टफोनच्या बॅटरीचे आयुष्य

स्मार्टफोनमधील लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी जुनी होते आणि नुसती ठेवून दिली तरी जुनी होते. ही झीज किती वेगाने होणार हे ज्या गोष्टींवर ठरते, त्यांत तापमान अग्रक्रमाने येते. उष्णतेमुळे होणारी झीज कायमची असते. फोन थंड झाला म्हणून गेलेली क्षमता परत येत नाही. शिवाय ती फसवी असते, कारण ती होत असताना बॅटरी उलट जोमाने चालते. गरम बॅटरीतला द्रव पातळ होतो, आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, ये-जा सुलभ होते आणि अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा आतला अडथळा, कमी होतो, त्यामुळे मे महिन्यात बॅटरी अशक्त होत चालल्याची शंकाही येत नाही. तक्रार सुरू होते ती डिसेंबरातल्या एखाद्या गार सकाळी, पडद्यावर २० टक्के चार्ज दिसत असताना फोन एकाएकी बंद पडतो तेव्हा. इजा उन्हाळ्यातली असते आणि दोष थंडीला दिला जातो.

लिथियम-आयन बॅटरीचा पाया १९७० ते १९९० या दोन दशकांत घातला गेला. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र, म्हणजे बॅटरीचे धन टोक, पुढे आणले, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनी ऋणाग्र (ऋण टोक) वापरून व्यवहारात चालेल अशी बॅटरी तयार केली आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. या कामासाठी गुडइनफ, योशिनो आणि स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फोनमधील बॅटरीची मूळ मांडणी आजही बहुतांशी तीच आहे. एका बाजूस कोबाल्टयुक्त धनाग्र, दुसऱ्या बाजूस ग्रॅफाइटचे ऋणाग्र, मध्ये प्लास्टिकचे सच्छिद्र पटल, आणि या सगळ्यांत मुरलेला, लिथियमचा क्षार विरघळवलेला सेंद्रिय द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, असे तिचे स्वरूप असते. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि फोन वापरताना ते परत फिरतात.

उष्णता नेमके काय बिघडवते हे समजण्यासाठी ग्रॅफाइटवरच्या एका पापुद्र्याकडे पाहावे लागते. कारखान्यात बॅटरी पहिल्यांदा चार्ज होते तेव्हा इलेक्ट्रोलाइटचा थोडा भाग ग्रॅफाइटच्या संपर्कात येऊन विघटित होतो आणि त्याचा अतिशय पातळ थर ऋणाग्रावर बसतो. हा पापुद्रा नसता तर बॅटरी काही दिवसही टिकली नसती, कारण तो लिथियमच्या आयनांना वाट देतो पण उरलेल्या द्रवाला ग्रॅफाइटपर्यंत पोहोचू देत नाही. मात्र तो पूर्णपणे स्थिर नसतो. तापमान वाढले की त्याचे काही घटक विरघळतात, त्याला तडे जातात, उघड्या पडलेल्या जागी पुन्हा नवा पापुद्रा धरतो, आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम त्यात कायमचे अडकून पडते. बॅटरीतील फिरते लिथियम मोजकेच असल्याने जेवढे असे अडकले तेवढी क्षमता घटली. जाड झालेल्या पापुद्र्यातून आयनांना जाणेही जड होते, म्हणून अंतर्गत रोध वाढतो. थंडीतल्या त्या अचानक बंद पडण्याचे मूळ इथे आहे. गारठ्याने आधीच वाढलेल्या रोधात या जुन्या रोधाची भर पडते, आणि कॅमेऱ्यासारख्या एखाद्या कामासाठी फोनने एकदम जास्त प्रवाह मागितला की बॅटरीचा विद्युत दाब मर्यादेखाली कोसळतो. चार्ज शिल्लक असतो, पण तो लागेल तेवढ्या वेगाने देण्याची ताकद उरलेली नसते.

धनाग्राच्या बाजूलाही पडझड चालू असते. इलेक्ट्रोलाइटमध्ये सामान्यतः वापरला जाणारा लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट हा क्षार उष्णतेत टिकाऊ नाही. तो फुटला आणि पाण्याचा अंश जरी मिळाला, तरी हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. हे आम्ल धनाग्रातील कोबाल्ट विरघळवते, आणि विरघळलेला धातू पलीकडे जाऊन ग्रॅफाइटवरच्या पापुद्र्याची आणखी नासाडी करतो.

या साऱ्या अभिक्रियांचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत न वाढता घातांकाने वाढतो. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते आऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेला संबंध येथे लागू पडतो, आणि त्यावरून दर १० अंश सेल्सिअसला वेग सुमारे दुप्पट होतो असा एक ढोबळ आडाखा वापरला जातो. कॅनडातील केडेक्स ही कंपनी बॅटऱ्या तपासण्याची उपकरणे बनवते. तिने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातील आकडे या विषयात वारंवार उद्धृत होतात. त्यानुसार ४० टक्के चार्ज ठेवून बॅटरी वर्षभर २५ अंशांत पडून राहिली तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता उरते, ४० अंशांत ८५ टक्के. हीच बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवली तर २५ अंशांत ८० आणि ४० अंशांत ६५ टक्के उरते. ६० अंशांत पूर्ण चार्ज केलेली बॅटरी अवघ्या ३ महिन्यांत ६० टक्क्यांवर येते. हे आकडे अदमासाचे आहेत आणि बॅटरीच्या रसायनाप्रमाणे बदलतात, पण त्यांतून दिसणारी दिशा निर्विवाद आहे.

उष्णता एकटी जेवढे नुकसान करते त्याहून कितीतरी अधिक ती पूर्ण चार्जच्या जोडीने करते. फोनची बॅटरी भरत आली की तिचा विद्युत दाब ४.२ व्होल्टच्या वर, अनेक आधुनिक फोनांत ४.४ व्होल्टच्या आसपास जातो. या अवस्थेत धनाग्र विशेष क्रियाशील असते आणि इलेक्ट्रोलाइटचे विघटन करू लागते. रात्रभर फोन चार्जिंगला लावल्याने बॅटरी खराब होते, हा समज याच कारणाने अर्धाच खरा आहे. शंभर टक्के झाल्यावर फोन स्वतःच प्रवाह थांबवतो, त्यामुळे बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरत नाही. पण उशीखाली किंवा गादीवर, जाड कव्हरसकट, पूर्ण भरलेला फोन सहा तास उबदार राहतो हे खरे नुकसान आहे. तोच फोन फरशीवर किंवा लाकडी टेबलावर उघडा असेल, तर चिंतेचे कारण फार थोडे उरते.

फोनमधली उष्णता तीन वाटांनी येते. पहिली वाट बॅटरीच्या स्वतःच्या रोधाची आहे. प्रवाह दुप्पट झाला की रोधामुळे निर्माण होणारी उष्णता चौपट होते, म्हणून वेगवान चार्जिंग आणि तापणे यांचे नाते जुळलेलेच आहे. यावरचा एक उपाय ओप्पो कंपनीने २०१४ मध्ये व्हूक या नावाने आणला. विद्युत दाब उतरवण्याचे काम फोनमध्ये न करता चार्जरच्या ठोकळ्यातच केल्यामुळे त्या कामाची उष्णता फोनबाहेर राहते. पुढे अतिवेगवान चार्जिंगसाठी एका बॅटरीऐवजी दोन घट वापरून चार्जिंगचा भार वाटून देण्याची रीतही रूढ झाली. बिनतारी चार्जिंगमध्ये मात्र ऊर्जेचा बराच भाग उष्णता होऊन वाया जातो, आणि फोन चकतीवर थोडा सरकून बसला तर हा भाग आणखी वाढतो. दुसरी वाट प्रोसेसर, पडदा आणि रेडिओ यांची. यात नेटवर्कचा वाटा सहसा लक्षात येत नाही; टॉवर दूर असला की फोन सिग्नल धरण्यासाठी जास्त शक्ती खर्च करतो आणि खिशात पडल्या पडल्या गरम होतो. तिसरी वाट बाहेरच्या हवेची आणि उन्हाची.

या तिसऱ्या वाटेबाबत उत्पादकांच्या मर्यादा वाचण्यासारख्या आहेत. आयफोन वापरण्यासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असावे आणि बंद ठेवण्यासाठी ते उणे २० ते ४५ अंश असावे, असे ॲपल कंपनी सांगते. ३५ अंशांवरील उष्णतेने बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असा इशाराही देते. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात दुपारचा पारा ४२ ते ४५ अंशांच्या घरात असतो, तेव्हा तिथला जवळजवळ सबंध उन्हाळा या मर्यादेबाहेर पडतो. त्यातही हवामान खात्याचा आकडा हा सावलीतला, झडपांच्या पांढऱ्या पेटीत सव्वा मीटर उंचीवर मोजलेला असतो. उन्हात उभ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर त्याहून पुष्कळ जास्त तापमान होते.

घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांचा फोन हे या साऱ्याचे बोलके उदाहरण आहे. भर दुपारी तो दुचाकीच्या हँडलवरच्या स्टँडमध्ये आडवा बसवलेला असतो. उन्हात नकाशा दिसावा म्हणून पडदा पूर्ण उजळलेला, जीपीएस आणि डेटा अखंड चालू, वर रबरी कव्हर, आणि दिवसभर पुरावा म्हणून खिशातल्या पॉवर बँकेची वायर सतत लावलेली. उष्णतेच्या तिन्ही वाटा तिथे एकत्र येतात आणि बॅटरी दिवसभर भरलेल्या अवस्थेच्या जवळपास राहते. वाऱ्याचा झोत लागतो खरा, पण हवाच ४३ अंशांची असेल तर तिच्याने फोन गार होणार तरी किती? काही वेळाने पडदा आपोआप मंद होतो, नकाशा अडखळू लागतो आणि तापमान उतरेपर्यंत चार्जिंग थांबवल्याची सूचना येते. अशा फोनची बॅटरी घरात वापरल्या जाणाऱ्या तशाच फोनच्या तुलनेत फार लवकर जुनी होते, आणि ती बदलण्याचा खर्च शेवटी त्या मुलाच्या कमाईतून जातो.

चार्जिंग थांबवण्याचा तो निर्णय बॅटरीजवळ बसवलेल्या, तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या एका बारीक घटकाच्या मोजणीवरून घेतला जातो. सर्वसाधारण रीत अशी की ४५ अंशांच्या सुमारास चार्जिंगचा प्रवाह किंवा दाब कमी केला जातो आणि आणखी तापल्यास ते पूर्ण थांबते. शून्याखालीही चार्जिंग टाळले जाते, कारण गोठवणाऱ्या थंडीत लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूरूपात साचते. ही व्यवस्था प्रामुख्याने सुरक्षिततेसाठी असते. ती अपघात टाळते. ४० अंशांत रोज होणारी संथ झीज तिच्या कक्षेत येत नाही.

झीज बरीच पुढे गेली की ती डोळ्यांना दिसते. विघटनातून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू निर्माण होतात आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पिशवीत बंद असलेली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगते. सपाट टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगू लागणे, पडद्याची एखादी कड उचलली जाणे, मागचे झाकण सुटणे ही त्याची लक्षणे होत. काही जण झाकण दाबून बसवतात किंवा वायू जावा म्हणून पिशवीला टाचणी लावतात. हे दोन्ही प्रकार धोक्याचे आहेत, कारण आतले पटल फाटून दोन्ही अग्रे एकमेकांना भिडली तर बॅटरी पेट घेते. अशी बॅटरी चार्ज न करता दुरुस्तीच्या दुकानात काढून घेणे एवढेच करण्यासारखे असते.

वापरकर्त्याला ही झीज आकड्यात दिसू लागली ती अलीकडे. जुन्या बॅटरीचे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि २०१८ मध्ये आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता टक्केवारीत दाखवली जाऊ लागली. ही टक्केवारी अंदाज असते, त्यामुळे ती एक-दोन अंकांनी इकडे-तिकडे झाली तर अर्थ काढत बसू नये. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार नव्या स्मार्टफोनच्या बॅटरीत ८०० चार्ज-चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे एका पूर्ण चार्जइतका वापर) किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. हा नियम स्वागतार्ह आहे, परंतु अशा चाचण्या साधारण खोलीच्या तापमानाला होतात आणि विदर्भातील ग्राहकाने त्या ८०० चा अर्थ जपूनच घ्यावा. भारतातील आय. एस. १६०४६ हे मानक बॅटरीच्या सुरक्षिततेविषयी आहे. ती किती वर्षे टिकावी याविषयी ते काही सांगत नाही.

काळजी घेण्याचे मार्ग वरील विवेचनातूनच निघतात. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता बहुतेक नव्या फोनांत असते आणि उष्ण प्रदेशात ती चालू ठेवण्याचा लाभ सर्वाधिक आहे. चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढणे, चार्जिंगला लावून गेम न खेळणे आणि उन्हाळ्यात दुपारऐवजी पहाटे किंवा रात्री चार्ज करणे यांना खर्च काहीच नाही. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय मात्र करू नये, कारण बाहेर काढताच, आणि पावसाळ्यात कोकणासारख्या दमट हवेत तर विशेष, गार झालेल्या भागांवर आतून-बाहेरून दव धरते. पंख्याखाली सावलीत ठेवणे पुरेसे असते. पुष्कळ दिवस न वापरायचा फोन निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवावा.

बॅटरी बदलल्यावर क्षमता परत मिळते, पण बदली बॅटरीलाही हेच नियम लागू असतात. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या विमानाने पाठवताना त्यांत ३० टक्क्यांहून जास्त चार्ज नसावा, असा आंतरराष्ट्रीय नियम १ एप्रिल २०१६ पासून आहे. तो आगीच्या भीतीने केलेला असला तरी त्याने बॅटरीचे आयुष्यही जपले जाते. त्यानंतर ती बॅटरी पत्र्याच्या छताखालच्या गोदामात दोन-तीन उन्हाळे पडून राहिली असेल, तर वेष्टन न फोडलेल्या त्या बॅटरीची झीज ग्राहकाच्या हाती येण्याआधीच सुरू झालेली असते. म्हणून दुकानात नवी बॅटरी घेताना तिच्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असल्यास ते आधी पाहून घ्यावे.