जपानमध्ये नगरसेवकपदासाठी उभं राहायचंय? अर्ज, कागदपत्रं आणि कामाचे जपानी शब्द

२०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. हा वॉर्ड म्हणजे आपल्याकडचा प्रभाग नव्हे; तो जवळजवळ स्वतंत्र महापालिकेसारखा असतो. तेव्हापासून तिकडच्या मराठी मंडळींना पडणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं.

पहिली अट नागरिकत्वाची. कायमच्या वास्तव्याचा परवाना, म्हणजे एइजूकेन, इथे चालत नाही. ‘किका’ करून जपानी नागरिक व्हावं लागतं आणि भारतीय नागरिकत्व सुटतं. घरच्यांशी नीट बोलूनच हे ठरवा.

निवडून येण्याच्या हक्काला ‘हिसेन्क्योकेन’ म्हणतात. मतदान अठराव्या वर्षी करता येतं, पण नगरसेवक व्हायला २५ वर्षं पूर्ण हवीत, गव्हर्नरपदाला, म्हणजे प्रांताच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाच्या पदाला, ३०. शिवाय त्या शहरात किंवा वॉर्डात सलग तीन महिने राहिलेलं असावं लागतं. नुसता पत्ता नोंदवून भागत नाही. पाणी-विजेचा वापर तपासून निवड रद्द झाल्याची उदाहरणं आहेत.

अनामत रक्कम म्हणजे ‘क्योताकुकिन’. बहुतेक शहरांसाठी किंवा तोक्योच्या वॉर्डासाठी ती ३ लाख येन आहे. ती ‘होमुक्योकु’ या सरकारी कार्यालयात आधी भरून पावती घ्यायची. ती जप्त होण्याला ‘बोश्शू’ म्हणतात. हिशोब असा: वैध मतं २ लाख आणि जागा ४० असतील, तर भागाकार ५,०००, त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे ५०० पेक्षा कमी मतं पडली की डिपॉझिट गेलं.

कागदपत्रांत ‘रिक्कोहो-तोदोके’ हा उमेदवारी अर्ज, ‘सेन्सेइशो’ हे प्रतिज्ञापत्र, ‘कोसेकी’ हा कुटुंबनोंदणीचा उतारा आणि अनामतीची पावती लागते. पक्षातर्फे उभे असाल तर पक्षाचा दाखलाही. अपक्षाला ‘मुशोझोकु’ म्हणतात. एक अर्ज मात्र विसरू नका: ‘त्सूशो’, म्हणजे प्रचलित नाव वापरण्याची परवानगी. तिथे मतदार मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. आपली लांबलचक नावं लिहिताना तो अडखळणारच, म्हणून दोन-तीन अक्षरांचं सोपं नाव घ्या.

अर्ज भरायला एकच दिवस असतो, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच. स्थानिक निवडणुकीत या दिवसाला ‘कोकुजी’ म्हणतात, संसदेच्या निवडणुकीत ‘कोजी’. त्यामुळे आधीची ‘जिझेन शिन्सा’, म्हणजे कागदपत्रांची पूर्वतपासणी, चुकवू नका. साडेआठच्या आत पोहोचलेल्यांमध्ये चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो आणि उमेदवारांच्या पोस्टरांसाठी उभारलेल्या फलकावर त्याच क्रमांकाच्या चौकोनात तुमचं पोस्टर लागतं.

अर्ज स्वीकारला गेला की लगेच प्रचार सुरू करता येतो. त्याआधी मत मागणं गुन्हा आहे.