'काय बघायलास रं?' च्या मागचा मेंदू

रंकाळ्यावर दोन पोरांची नजरानजर होते, एकजण म्हणतो "काय बघायलास रं?" आणि दोन मिनिटात राडा. पेपरात दुसऱ्या दिवशी 'किरकोळ कारणावरून हाणामारी'. आता कारण किरकोळ असतंयच, पण त्या पोराच्या मेंदूला ते तसं वाटत नाही, आणि हे मी त्याची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही.

अमेरिकेत सेथ पोलॅक आणि पवन सिन्हा यांनी 2002 मध्ये एक प्रयोग छापला. मुलांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आधी एकदम धूसर, मग हळूहळू क्लिअर होत जाणारे. घरात मार खाल्लेल्या मुलांनी रागाचा चेहरा बाकीच्यांपेक्षा लवकर ओळखला, फोटो नीट दिसायच्या आधीच! बाप पिऊन आला की दारातल्या चपलांच्या आवाजावरून आज मार पडणार का नाही हे ज्याला ताडावं लागतं तो त्यात तरबेज होणारच की. घरात हे कामाला येतं, बाहेर गोत्यात आणतं, कारण मग साध्या नजरेतही खुन्नस दिसायला लागते, मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, भोंगा वाजवतो, स्ट्रेसचे हार्मोन चढतात, आणि 'थांब जरा' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत तयारच होत असतो.

फ्लोरिडात 64,329 बालगुन्हेगारांच्या नोंदी तपासल्या तेव्हा मारहाण, दुर्लक्ष, घरातलं कोणी जेलमध्ये, आईवडिलांची फारकत असल्या दहापैकी एकही गोष्ट वाट्याला न आलेली पोरं 3 टक्केसुद्धा नव्हती. उलटं मात्र खरं नाही हां, मार खाल्लेली बहुतेक पोरं कोयता हातात घेत नाहीत.

आपल्याकडं 2015 च्या कायद्यानं अठराच्या आतलं पोरगं बाल न्याय मंडळापुढं जातं, तिथं मॅजिस्ट्रेटसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यातली एक बाई असावीच लागते. पण घरचे आणि गल्लीवाले 'मस्ती जिरवा त्याची' यावरच अडलेले. या वयात डिप्रेशन रडण्यापेक्षा चिडचिडीतनं जास्त दिसतं, झोप उडते, दचकून उठणं होतं, आणि आपण त्याला माज म्हणतो. अशा पोराला परत बडवलं की तो भोंगा आणखी लवकर वाजायला लागतो, एवढं साधं गणित आहे. ट्रॉमासाठीची, म्हणजे असल्या मनावरच्या आघातासाठीची, खास थेरपी आहे, त्यात आई किंवा सांभाळणाऱ्यालाही सोबत बसवतात. सुरुवात कुठनं करायची कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीतनं बोलता येतं, आणि फोन पोरानंच करायला पाहिजे असं काही नाही, मामानं केला तरी चालतो.